गाभण की रिकामी? जनावराच्या रक्तातले हार्मोन काय सांगतात. पेण-रोह्याच्या पशुपालकांसाठी सविस्तर माहिती

पेण/रोहा : भातकापणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की पेण आणि रोहा तालुक्यांत म्हशींच्या माजाचा हंगाम जोर धरतो. वडखळपासून वरसईपर्यंत आणि नागोठण्यापासून चणेऱ्यापर्यंत रेतनासाठी फोन सुरू होतात. रेतन झालं की तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिली जाते. तीन आठवड्यांत म्हैस उलटली नाही की घरात सगळे धरून चालतात, गाभण राहिली. चार-पाच महिने असेच जातात. मग कधीतरी डॉक्टर हात घालून बघतात आणि सांगतात, म्हैस रिकामी आहे. तोवरचा चारा, खुराक आणि पुढच्या वेताचं दूध, सगळंच लांबलेलं असतं.

याच्या उलटही घडतं. गाय बरेच दिवस माजावर आली नाही म्हणून कुणीतरी ओळखीने ‘माजाचं इंजेक्शन’ आणतो आणि टोचतो. काही दिवसांत गोठ्यात अर्धवट गाभ पडलेला दिसतो. गाय रिकामी नव्हतीच. गाभण होती म्हणूनच ती माजावर येत नव्हती.

या दोन्ही चुका जिथे होतात ती जागा एकच आहे: जनावराच्या रक्तातले हार्मोन. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण गाभ राहिला की नाही, टिकला की नाही, विण्याची वेळ आली की नाही, हे तेच ठरवतात. त्यांचं काम कसं चालतं, रक्त तपासून काय कळतं आणि काय कळत नाही, याची ही माहिती.

हार्मोन म्हणजे काय आणि किती?

हार्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तात सोडलेला निरोप. मेंदूखालची ग्रंथी, बीजांडकोश, गर्भाशय, जार आणि पोटातलं वासरू, हे सगळे रक्तावाटे एकमेकांना निरोप देतात. गाभणपणात सगळ्यात महत्त्वाचा हार्मोन म्हणजे प्रोजेस्टेरॉन. गर्भाशय शांत ठेवणं, त्याचं तोंड बंद ठेवणं, गर्भाला पोषण मिळेल असं अस्तर तयार करणं आणि नवा माज येऊ न देणं, ही त्याची कामं.

हा हार्मोन रक्तात फारच थोडा असतो. तो नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. गाय माजावर असते तेव्हा तिच्या एक मिलिलिटर रक्तात एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी प्रोजेस्टेरॉन असतं. गाभण गाईत ते त्याच्या कित्येक पट असतं. म्हशीत हे आकडे साधारणपणे गाईपेक्षा कमी असतात, म्हणून गाईचा आकडा म्हशीला जसाच्या तसा लावू नये.

इतकी सूक्ष्म मोजणी पूर्वी शक्य नव्हती. अमेरिकेतल्या कॉर्नर आणि ॲलन या दोघांनी १९२९ मध्ये सशांवर प्रयोग करून दाखवलं की बीजांडकोश काढून टाकले तरी पीतपिंडाचा अर्क टोचत राहिल्यास गर्भ टिकतो. त्या अर्कातला मुख्य पदार्थ म्हणजे प्रोजेस्टेरॉन. पण रक्तातला हार्मोन नेमका मोजण्याची रीत मिळाली ती १९५० च्या दशकाच्या शेवटी, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या कामातून. यॅलो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आज प्रयोगशाळेत होणाऱ्या बहुतेक हार्मोन चाचण्या त्याच विचारावर उभ्या आहेत.

माजाचं २१ दिवसांचं चक्र

गाय-म्हशीचा माज साधारण २१ दिवसांनी फिरून येतो. बीजांडकोशात बीजाचा फोड वाढतो, त्यातून इस्ट्रोजेन हा हार्मोन रक्तात येतो. इस्ट्रोजेन वाढला की जनावर हंबरतं, वारंवार लघवी करतं, दूध चोरतं, काचेसारखा सोट टाकतं. गाईत माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी बीज सुटतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, असं सांगतात.

बीज सुटलं त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. प्रोजेस्टेरॉन तयार करण्याचा कारखाना म्हणजे हे पीतपिंड. चार-पाच दिवसांनी रक्तातली पातळी चढू लागते आणि मधल्या आठवड्यात ती चांगली वर असते.

गर्भ राहिला नसेल तर सोळा-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ सोडतं. त्याने पीतपिंड विरघळतं, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माज येतो. गर्भ राहिला असेल तर तो कोवळा जीव त्याआधीच आपल्या अस्तित्वाचा निरोप पाठवतो. जनावरात तो एका प्रथिनाच्या रूपाने जातो. निरोप पोचला की गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडत नाही, पीतपिंड टिकतं आणि प्रोजेस्टेरॉन वरच राहतं.

म्हणजे एकविसाव्या दिवशी जनावर उलटणार की नाही, याचा निर्णय चार-पाच दिवस आधीच पोटात झालेला असतो.

कमी असेल तर खात्री, जास्त असेल तर नुसती शक्यता

रेतनानंतर २१ ते २४ व्या दिवशी रक्त तपासलं आणि प्रोजेस्टेरॉन अगदी कमी आलं, तर जनावर गाभण नाही हे जवळजवळ पक्कं. पीतपिंड विरलं, आता गर्भ टिकायला आधारच नाही.

पण पातळी जास्त आली म्हणजे गाभण आहे असं मात्र नाही. जास्त येण्याची कारणं बरीच असतात:

• माज ओळखायलाच चूक झाली होती. चुकीच्या दिवशी रेतन झालं, त्यामुळे तपासणीच्या दिवशी जनावर चक्राच्या मधल्या टप्प्यात आहे. मधल्या टप्प्यात रिकाम्या जनावरातही पातळी जास्तच असते.

• गर्भ राहिला होता, पण काही दिवसांनी मेला. पीतपिंड आणखी थोडे दिवस टिकून राहतं.

• गर्भाशयात पू साठला आहे. पू असताना पीतपिंड विरत नाही, माज येत नाही, आणि बाहेरून गाय गाभणच वाटते.

• काही जनावरांचं चक्र २१ ऐवजी २३-२४ दिवसांचं असतं.

म्हणून या चाचणीचा खरा उपयोग रिकामी जनावरं लवकर बाजूला काढण्यासाठी आहे. रिकामी कळली की पुढच्याच माजाला रेतन करता येतं. नाहीतर तीन महिने वाट बघण्यात चार माज हातचे जातात. जास्त पातळी आलेलं जनावर मात्र पुढे दुसऱ्या तपासणीने पक्कं करावंच लागतं.

प्रोजेस्टेरॉन स्निग्धात मिसळतं, त्यामुळे ते दुधातही उतरतं आणि तिथे रक्तापेक्षा जास्त सापडतं. दुभत्या जनावराचं दूध तपासूनही हाच अंदाज घेता येतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून दुधाच्या नमुन्यावर गाई तपासल्या जाऊ लागल्या. सुई टोचावी लागत नाही हा त्यातला फायदा. पण अर्थ लावायचा नियम तोच: कमी म्हणजे खात्री, जास्त म्हणजे शक्यता.

एकच आकडा, दोन अर्थ, आणि एक इंजेक्शन

पशुपालकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथे.

गर्भाशयात पू असलेली गाय आणि दोन महिन्यांची गाभण गाय, दोघींच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन जास्तच असतं. दोघीही माजावर येत नाहीत. पहिलीला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन हेच औषध आहे. पीतपिंड विरतं, गर्भाशयाचं तोंड उघडतं, पू बाहेर पडतो आणि माज येतो. तेच इंजेक्शन दुसरीला दिलं तर पीतपिंड तसंच विरतं, आधार सुटतो आणि गाभ पडतो. सुई एकच. एकीला उपचार, दुसरीचं वेत बुडालं.

गाईत साधारण पहिले पाच महिने गर्भ पूर्णपणे पीतपिंडावर टिकून असतो. त्यानंतर जारही काही प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. म्हणजे पहिल्या पाच महिन्यांत धोका सगळ्यात मोठा आणि नेमक्या याच काळात पोट दिसत नाही. गावात ‘माजाचं इंजेक्शन’ म्हणून जे ओळखलं जातं त्यात बहुतेक वेळा हेच औषध असतं. त्यामुळे नियम साधा ठेवावा: डॉक्टरांनी हाताने किंवा सोनोग्राफीने तपासून ‘रिकामी आहे’ असं सांगितल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये. गेल्या चार-पाच महिन्यांत रेतन झालं असेल, किंवा जनावर रानात सांडाबरोबर चरलं असेल, तर ते आधी सांगावं. मोकळ्या चराईत सांड कधी लागला हे मालकाला बरेचदा कळत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्या माणसांसाठी. प्रोस्टाग्लँडिन हे औषध माणसाच्या कातडीतूनही अंगात शिरतं. गरोदर बाईने आणि दम्याच्या रुग्णाने ते हाताळू नये. बाटली किंवा सुई धरायलाही देऊ नये. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवावं. आपल्याकडे गाय धरायला बरेचदा घरातली सून किंवा लेकच उभी असते, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

गाभण असतानाही माज?

काही मोजक्या गाई गाभण असतानाही माजाची लक्षणं दाखवतात. मालक घाईघाईने पुन्हा रेतन करायला लावतो. रेतनाची नळी गर्भाशयात गेली तर गाभ जाऊ शकतो. अशा गाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन मात्र वरच असतं. खऱ्या माजात ते तळाला असतं. म्हणून दोन-अडीच महिन्यांपूर्वी रेतन झालेली गाय अचानक माज दाखवू लागली तर रेतनाआधी तपासणी करायला सांगावं.

शेळीचा हिशेब वेगळा

रोहा आणि पेणच्या वाड्यांवर शेळ्या घरोघरी आहेत. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. गाईत आणि मेंढीत पुढे जार काही भार उचलते, शेळीत तसं होत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत शेळीचा गाभ पीतपिंडावरच टिकून असतो. म्हणून प्रोस्टाग्लँडिन शेळीला गाभणपणात कुठल्याही महिन्यात दिलं तरी गाभ जाऊ शकतो.

शेळीत खोटा गाभही दिसतो. गर्भाशयात नुसतं पाणी साठतं, करडू नसतं. पोट वाढतं, माज येत नाही, रक्तात प्रोजेस्टेरॉनही जास्त असतं. दिवस भरल्यावर नुसतं पाणी जातं आणि शेळी पुन्हा सडपातळ. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन इथे पूर्ण फसवतं. सोनोग्राफीतच पाणी आणि करडू वेगळे दिसतात.

गाभण पक्की करणाऱ्या इतर तपासण्या

हाताने तपासणी : गाय-म्हशीत साधारण ६० ते ९० दिवसांत अनुभवी डॉक्टर गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाची वाढ ओळखतात. पेण-रोह्याच्या गावांत आजही हाच मुख्य आधार आहे. खर्च कमी आणि उत्तर जागेवरच.

सोनोग्राफी : साधारण ३० दिवसांपासून गर्भ दिसतो, पुढे त्याच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. जिवंत आहे की नाही हे त्यातून कळतं.

जारेच्या प्रथिनाची रक्त चाचणी : जार तयार होऊ लागली की तिच्या पेशी एक विशिष्ट प्रथिन रक्तात सोडतात. त्याला इंग्रजी अक्षरांवरून पीएजी म्हणतात. हा हार्मोन नाही, पण रिकाम्या जनावरात तो तयारच होत नाही, हा त्याचा मोठा गुण. गाईत रेतनानंतर २८ दिवसांपासून ही चाचणी चालते. मात्र व्यायल्यानंतर हे प्रथिन रक्तात बरेच दिवस रेंगाळतं. म्हणून व्यायल्यापासून किमान ६० दिवस झाल्यावरच चाचणी करावी, नाहीतर मागच्या वासराचंच उत्तर मिळतं. गर्भ मेला तरी काही दिवस ते सापडत राहतं.

इस्ट्रोन सल्फेट : हा इस्ट्रोजेनच्या कुळातला हार्मोन वासरू आणि जार मिळून तयार करतात. गाईत साधारण शंभर दिवसांनंतर तो रक्तात आणि दुधात स्पष्ट सापडतो. पोटात जिवंत वासरू आहे याची ती खूण असते.

घोडीच्या रक्तातला हार्मोन

रायगड जिल्ह्यात घोडे म्हटलं की माथेरान आठवतं. घोडीचा गाभणकाळ साधारण ११ महिन्यांचा. गाभण घोडीच्या रक्तात साधारण ४० व्या ते १२० व्या दिवसादरम्यान एक खास हार्मोन भरपूर येतो. कॅलिफोर्नियातल्या कोल आणि हार्ट यांनी तो १९३० मध्ये शोधला. पीएमएसजी हे त्याचं जुनं नाव. याच काळात रक्त तपासलं तर घोडीच्या गाभणपणाचा अंदाज येतो. पण गर्भ मेला तरी हा हार्मोन काही काळ रक्तात राहतो, त्यामुळे इथेही सावध राहावं लागतं.

हा हार्मोन दुसऱ्या जनावरांत बीजांची वाढ करतो. म्हणून तो गाभण घोड्यांच्या रक्तातून काढून मेंढ्या, डुकरं आणि गाईंच्या प्रजनन उपचारासाठी विकला जातो. आइसलँड, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत त्यासाठी घोड्या पाळल्या जातात आणि त्यांच्या रक्त काढण्यावर प्राणीप्रेमी आक्षेपही घेतात. एका जनावराच्या रक्तातला हार्मोन दुसऱ्या जनावराच्या उपचारात कसा येतो, त्याचं हे मोठं उदाहरण.

नमुना कसा घ्यावा?

रक्त डॉक्टर मानेच्या शिरेतून घेतात. पुढची काळजी मालकाच्या हातात असते. गाईचं रक्त उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत तासन्‌तास राहिलं तर त्यातल्या तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉन खात जातात आणि पातळी खोटी कमी येते. खोटी कमी म्हणजे गाभण गाय रिकामी ठरायची. म्हणून नळी लगेच बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि वरचं पिवळसर पाणी शक्य तितक्या लवकर वेगळं करून घ्यावं.

नळीवर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, रेतनाची तारीख, मागच्या विण्याची तारीख आणि नमुन्याची तारीख लिहावी. तारखेशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. ‘पाच नॅनोग्रॅम’ हे उत्तर दहाव्या दिवशी वेगळं बोलतं आणि चोविसाव्या दिवशी वेगळं.

विण्याच्या वेळी काय होतं?

गाय साधारण २८० दिवसांनी, म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते. दिवस भरले की पहिला निरोप वासराकडून निघतो. त्याच्या शरीरातलं कॉर्टिसोल वाढतं. त्याने जारेतलं प्रोजेस्टेरॉन कमी होऊन इस्ट्रोजेन वाढतं, प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड विरतं. विण्याच्या एक-दोन दिवस आधी प्रोजेस्टेरॉन धाडकन खाली येतं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, कास भरते, सडांत चीक उतरतो. मग ऑक्सिटोसिन हा हार्मोन कळा आणतो. कास दुधासाठी तयार करण्यात प्रोलॅक्टिनचा वाटा असतो.

हे सगळं एका क्रमाने होतं. म्हणून दिवस भरण्याआधी कळा आणणारी औषधं स्वतःहून देऊ नयेत. जार वेळेत पडली नाही तरी ती ओढू नये, डॉक्टरांना बोलवावं.

पान्ह्याच्या इंजेक्शनचा मोह

ऑक्सिटोसिन हाच पान्हा सोडवणारा हार्मोन. वासरू ढुसण्या देऊ लागलं, कास चोळली की तो आपोआप सुटतो. वासरू दगावलेल्या म्हशीला काही जण रोज दोन वेळा त्याचं इंजेक्शन देतात. सवय लागली की म्हैस इंजेक्शनशिवाय पान्हा सोडत नाही. औषधांच्या कायद्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. जनावरांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम १२ नुसार दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं काहीही टोचणं हा गुन्हा आहे.

वासरू गेलं तर खुराक दाखवून, कास कोमट पाण्याने धुऊन, दोहण्याची वेळ आणि माणूस रोज तोच ठेवून हळूहळू पान्हा येतो. वेळ लागतो, पण म्हैस सुईच्या सवयीला लागत नाही.

गाभडली म्हणजे हार्मोनच कमी असं नाही

गाभ पडला की ‘हार्मोन कमी पडला’ असं बोललं जातं आणि पुढच्या वेळी प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू होतात. पण शेवटच्या तीन महिन्यांत गाभडण्यामागे ब्रुसेल्लोसिस हा सांसर्गिक रोगही असू शकतो. तो जनावरातून माणसात येतो. ताप येत राहणं, सांधे दुखणं, थकवा ही त्याची माणसातली लक्षणं. म्हणून पडलेला गाभ आणि जार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये, चुना टाकून खोल पुरावी. गाईचं रक्त तपासून घ्यावं. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी आणि पारड्यांना या रोगाची लस दिली जाते. हे वय एकदाच येतं, ते चुकवू नये.

मुका माज आणि पेंढ्याचा खुराक

कोकणात जनावर माजावरच येत नाही ही तक्रार जास्त. म्हशीत माज बरेचदा मुका असतो. इस्ट्रोजेन वाढतं, बीजही सुटतं, पण लक्षणं ठळक दिसत नाहीत किंवा रात्री दिसून जातात. सोट लोंबत नाही, म्हैस बसल्यावर तेवढा खाली सांडतो. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात हे आणखी वाढतं. म्हशीला पाण्यात डुंबायला मिळालं, सावली मिळाली तर फरक पडतो. रात्री निजण्याआधी आणि पहाटे गोठ्यात एक फेरी मारावी.

दुसरं कारण खाण्याचं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर वर्ष काढणाऱ्या जनावराला प्रथिनं आणि फॉस्फरस कमी पडतात. अंगात ताकद नसेल तर बीजांडकोश काम थांबवतात. रक्तात ना इस्ट्रोजेन चढतं, ना प्रोजेस्टेरॉन. अशा जनावराला माजाचं इंजेक्शन देऊन उपयोग नाही, कारण विरघळवायला पीतपिंडच नसतं. आधी जंताचं औषध, हिरवा चारा, थोडा खुराक आणि मोठ्या जनावराला रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण. चाऱ्याबाबत सल्ल्यासाठी रोहा तालुक्यातच किल्ला येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

गव्हाची चाचणी खरी का?

मोबाइलवर एक चाचणी फिरते: गाईच्या मूत्रात पाणी घालून त्यात गहू भिजवायचे. कोंब आले नाहीत तर गाय गाभण. ही निव्वळ अफवा नाही. प्राचीन इजिप्तमध्ये बायकांच्या मूत्रावर धान्य उगवून गरोदरपण बघत, तिथे कोंब आले तर गरोदर असं धरत. भारतातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये हाच प्रयोग गाईवर मांडला आणि त्याला ‘पुण्यकोटी चाचणी’ म्हटलं. गाईत उत्तर उलटं येतं. गाभण गाईच्या मूत्रात ॲब्सिसिक आम्ल हे वनस्पतींमधलं हार्मोन जास्त उतरतं आणि ते कोंब अडवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. घरी करून बघायला हरकत नाही. पण मूत्र घट्ट असेल, गहू जुना असेल तर उत्तर चुकतं. त्यावर विसंबून इंजेक्शन देऊ नये आणि बाजारात ‘गाभण’ म्हणून जनावर घेऊही नये.

तारखांचा हिशेब

समजा म्हशीला १ नोव्हेंबरला रेतन झालं.

• १९ ते २५ नोव्हेंबर : रात्री आणि पहाटे माजावर लक्ष. २२ ते २५ दरम्यान रक्तातलं किंवा दुधातलं प्रोजेस्टेरॉन तपासता येईल. अगदी कमी आलं तर रिकामी.

• डिसेंबरचा पहिला आठवडा : सोय असेल तर सोनोग्राफी.

• ३१ डिसेंबरनंतर : हाताने तपासणी. म्हैस उलटली नसली तरी ही तपासणी करायचीच.

• जुलैच्या सुरुवातीला : दूध आटवायचं, शेवटचे दोन महिने कासेला विश्रांती आणि खुराक वाढवायचा.

• ७ सप्टेंबरच्या सुमारास : म्हैस व्यायची वेळ. गाय असती तर ८ ऑगस्टच्या सुमारास.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर डॉक्टरांशी संपर्क साधता येतो. फोन करताना रेतनाची तारीख सांगावी. ती गोठ्याच्या भिंतीवर असेल तर वहीतही उतरवून ठेवावी. पावसाळ्याआधी भिंतीला चुना लागतो आणि तारीख पुसली जाते, मग डॉक्टरांनाही पुन्हा अंदाजानेच चालावं लागतं.